अमेरिकेची दारूबंदी : उदय आणि अस्त

कायद्याच्या बळावर एखाद्या राष्ट्राचें व्यसन सोडवितां येतें काय, हा प्रश्न जितका जुना तितकाच अवघड आहे. तर्कानें त्याचें उत्तर देणारे पुष्कळ आढळतात. परंतु विसाव्या शतकांत एका संपन्न व लोकसत्ताक राष्ट्रानें तें उत्तर आचरणांतून शोधण्याचें साहस केलें. ता. १७ जानेवारी १९२० पासून ता. ५ डिसेंबर १९३३ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चौदा वर्षें, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पिण्यासाठीं मादक पेयें तयार करणें, विकणें व वाहून नेणें यांस खुद्द राज्यघटनेनेंच मनाई केली होती. बंदी सुरू होण्याच्या आदल्या दिवशीं व्हर्जिनियांतील नॉरफोक शहरीं बिली संडे या प्रसिद्ध धर्मोपदेशकानें मद्यासुराची नकली प्रेतयात्रा काढली आणि हजारों लोकांसमोर त्याच्या शवपेटीवर अंत्यभाषण केलें. चौदा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच तो असुर पेटींतून उठून बाहेर आला. अमेरिकेच्या घटनेंत आजवर सत्तावीस दुरुस्त्या झाल्या. त्यांपैकीं समूळ रद्द करण्यांत आली ती ही एकच.

या पराभवाची हकीकत सांगतांना बहुधा गुंडांच्या बंदुका आणि चोरट्या गुत्त्यांची झगमग यांचेंच वर्णन होतें. तीं होतीं हें खरें. परंतु तीं रोगाचीं लक्षणें होत. रोगाचें बीज कायद्याबरोबरच जन्मास आलें होतें, आणि तें ओळखावयाचें तर शंभर वर्षांहून अधिक मागें जावें लागतें.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ॲपलेशियन पर्वताच्या पलीकडे वसाहत करणाऱ्या शेतकऱ्यांपुढें पिकलेल्या धान्याचें काय करावें, हा प्रश्न होता. धान्याचीं पोतीं खाचखळग्यांच्या वाटांनीं पूर्वेकडील बाजारांत नेणें परवडत नसे. त्याच धान्याची व्हिस्की करून ती पिंपांत भरून नेली, तर वाहतुकीचा खर्च थोडा व किंमत अधिक येई. त्यामुळें व्हिस्की अतिशय स्वस्त झाली. १८३० च्या सुमारास दर प्रौढ माणसामागें वर्षाला सुमारें सात गॅलन शुद्ध मद्यार्क पोटांत जात असे, असा इतिहासकारांचा हिशेब आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभींच्या प्रमाणाच्या तें जवळजवळ तिप्पट होतें. शेतावरील मजूर, बांधकामावरील सुतार, मतदानास आलेला मतदार, सर्वांना दारूचा पेला ठरलेलाच असे. नवरा पिऊन घरीं आला कीं मार खावयाचा बायकोनें, आणि त्यानें मजुरी गुत्त्यांत उडविली कीं उपाशी निजावयाचें मुलांनीं. त्या काळच्या कायद्यानें विवाहित स्त्रीला स्वतःच्या मिळकतीवरही हक्क नव्हता. दारूबंदीच्या चळवळीचा उगम धर्मवेडांत झाला असें म्हणणाऱ्यांनीं ही घराघरांतील वस्तुस्थिति विसरतां कामा नये.

या प्रकाराविरुद्ध विचारपूर्वक आवाज उठविणारांत फिलाडेल्फियाचे वैद्य बेंजामिन रश हे अग्रणी होत. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकीं ते एक. १७८४ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेंत त्यांनीं भट्टींतून काढलेल्या कडक दारूचे शरीरावर व मनावर होणारे परिणाम सविस्तर वर्णिले. मात्र बियर, सफरचंदाचा आंबविलेला रस व द्राक्षासव हीं पेयें बेतानें घेतल्यास अपायकारक नाहींत. कडक दारूऐवजीं तीं घ्यावीं, असेंच त्यांचें मत होतें. हा भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. कारण पुढें तो पुसला गेला, आणि त्याची किंमत चळवळीला मोजावी लागली.

१८२६ सालीं बोस्टन येथें अमेरिकन मद्यपाननिवृत्ति संस्था स्थापन झाली. व्याख्यानें, प्रवचनें आणि सही करून घेतलेल्या प्रतिज्ञा हीं तिचीं साधनें. गांवोगांव शाखा निघाल्या. १८४० सालीं बाल्टिमोर येथें कांहीं पिणाऱ्या माणसांनींच एकत्र येऊन एकमेकांस दारू सोडविण्याचा उपक्रम आरंभिला. या सर्व उद्योगाचें फळ असें कीं, पंधरा-वीस वर्षांत दारूचा दरडोई खप निम्म्याहून खालीं आला. या काळांत कोणताही राष्ट्रीय निषेधाचा कायदा नव्हता. मन वळवूनच हा पल्ला गांठला गेला होता.

परंतु सुधारकांची वृत्ति अशी कीं, जें अर्धें साधलें तें पुरें साधण्याची घाई होते. जे समजावणीनें सुधारले ते सुधारले. उरलेल्यांना कायद्यानेंच आवरलें पाहिजे, हा विचार बळावला. १८५१ सालीं मेन राज्यानें मद्याची निर्मिति व विक्री यांवर बंदी घातली. पोर्टलंड शहराचे नगराध्यक्ष नील डाऊ हे या कायद्याचे जनक. पांच वर्षांच्या आंत डझनभर राज्यांनीं त्याचें अनुकरण केलें. आणि १८५५ सालीं पोर्टलंडमध्यें औषधासाठीं म्हणून नगरभवनांत खुद्द डाऊ यांच्या व्यवस्थेनें दारू सांठविली असल्याची वार्ता फुटली. लोक चालून आले, लष्करी तुकडीनें गोळीबार केला, त्यांत एक माणूस मेला. दुसऱ्याच वर्षीं मेननें कायदा मागें घेतला. पुढें राष्ट्रीय बंदीच्या काळांत जें जें घडावयाचें होतें त्याची ही लहानशी रंगीत तालीमच होती. परंतु तिच्यापासून बोध घेण्यापूर्वींच देशावर यादवी युद्धाचें संकट कोसळलें आणि हा प्रश्न मागें पडला.

युद्धानंतर चळवळीला पुन्हां चेतना दिली ती स्त्रियांनीं. १८७३ च्या डिसेंबरांत ओहायो राज्यांतील हिल्सबरो या लहानशा गांवीं एक व्याख्यान ऐकून सत्तरांवर स्त्रिया एकत्र जमल्या. माजी राज्यपालांची कन्या एलायझा टॉमसन त्यांच्या पुढें होती. रस्त्यांतून रांगेनें जाऊन त्या एकेका गुत्त्याच्या दारांत गुडघे टेकून प्रार्थना करूं लागल्या. ही लाट अनेक राज्यांत पसरली. शेंकडों गुत्ते बंद झाले, आणि स्त्रिया घरीं परतल्यावर त्यांतील बहुतेक पुन्हां उघडले. तरी या आंदोलनांतून १८७४ सालीं क्लीव्हलंड येथें ख्रिस्ती महिलांचा मद्यपाननिषेध संघ निघाला. त्याच्या अध्यक्षा फ्रान्सेस विलर्ड यांनीं १८७९ पासून १८९८ मध्यें आपल्या मृत्यूपर्यंत त्याची धुरा वाहिली आणि दारूबंदीच्या प्रश्नाशीं स्त्रियांच्या मताधिकाराची गांठ घातली. ज्यांना मत नाहीं त्यांनीं घराचें रक्षण करावें कसें, हा त्यांचा सवाल बिनतोड होता. याच संघाच्या खटपटीनें १९०१ पर्यंत देशांतील प्रत्येक राज्याच्या शाळांत मद्याच्या दुष्परिणामांचें शिक्षण सक्तीचें झालें. १९१७ सालीं जे तरुण मतदार होते त्यांनीं हे धडे लहानपणींच गिरविले होते.

एकीकडे चळवळ वाढत असतां दुसरीकडे गुत्तेही वाढत होते. जर्मनीहून आलेल्या लोकांनीं बियरचे मोठमोठे कारखाने काढले होते. आपला माल खपावा म्हणून हे कारखानदार गुत्तेवाल्याला भांडवल, परवान्याची फी, आरसे व खुर्च्याही पुरवीत. मोबदल्यांत त्यानें त्यांचीच बियर विकावयाची. अशानें एकेका चौकांत तीन तीन गुत्ते उभे राहिले. शतकाच्या आरंभीं देशांत त्यांची संख्या तीन लक्षांच्या घरांत होती. पेल्याबरोबर फुकट जेवण मिळे. पण तें खारट असे, म्हणजे तहान वाढावी. मजुराचा पगार तेथेंच वटे, मतें तेथेंच विकत घेतलीं जात, जुगार व वेश्याव्यवसाय यांनाही तेथेंच आसरा मिळे. उलटपक्षीं परक्या देशांतून आलेल्या श्रमिकाला तेंच पत्र वाचून घेण्याचें, काम शोधण्याचें व चार स्वभाषिक भेटण्याचें ठिकाण होतें. ही दुसरी बाजू खेड्यांतील प्रॉटेस्टंट सुधारकांना दिसली नाहीं. बऱ्याच जणांना ती पाहावयाची इच्छाही नव्हती. मद्याविषयींच्या तिटकाऱ्यांत परकीयांविषयींचा तिटकारा मिसळूं लागला होता.

या परिस्थितींत १८९३ सालीं ओहायोंतीलच ओबर्लिन येथें गुत्ताविरोधी संघ स्थापन झाला. त्याच्या कार्यपद्धतीला त्या देशांत तोड नव्हती. त्यानें स्वतःचा राजकीय पक्ष काढला नाहीं. दोन्ही मोठ्या पक्षांच्या उमेदवारांना एकच प्रश्न विचारावयाचा : दारूबंदीला मत देणार कीं नाहीं? देईल त्याला चर्चमधील भाविकांचीं मतें. न देईल त्याचा पाडाव. उमेदवार स्वतः पितो कीं नाहीं, याची संघाला पर्वा नसे. १९०५ सालीं ओहायोचे राज्यपाल मायरन हेरिक यांना याच रीतीनें घरीं बसविण्यांत आलें, तेव्हां देशांतील सारे राजकारणी सावध झाले. संघाचे सूत्रधार वेन व्हीलर यांनीं ओळखलें होतें कीं, जेथें दोन पक्ष तुल्यबल असतात तेथें मधले थोडे लोक निर्धारानें एकवटले तर बहुमताला वांकवूं शकतात. हें संघाचें सामर्थ्य होतें. पुढें तोच त्याचा कच्चा पाया ठरला. प्रतिनिधींचीं मतें हातीं आलीं याचा अर्थ लोकांचीं मनें हातीं आलीं असा होत नाहीं.

एक मोठी अडचण पैशाची होती. १९१० च्या सुमारास मध्यवर्ती सरकारच्या एकूण उत्पन्नापैकीं सुमारें तीस टक्के वांटा मद्यावरील करांचा होता. तें उत्पन्न बुडाल्यास राज्य चालावें कसें? १९१३ सालीं सोळाव्या घटनादुरुस्तीनें प्राप्तीवर कर बसविण्याची सत्ता मिळाली आणि ही अडचण दूर झाली. त्यानंतर १९१७ च्या एप्रिलांत अमेरिका महायुद्धांत उतरली. धान्य सैन्यासाठीं वांचविलें पाहिजे, हा मुद्दा आयताच हातीं आला. शिवाय बियरच्या बहुतेक मोठ्या कारखानदारांचीं नांवें जर्मन, त्यामुळें बियर पिणें हाही देशद्रोह वाटूं लागला. ता. १ ऑगस्ट १९१७ रोजीं सीनेटनें ६५ विरुद्ध २० मतांनीं, आणि ता. १७ डिसेंबरला प्रतिनिधिसभेनें २८२ विरुद्ध १२८ मतांनीं अठरावी दुरुस्ती मान्य केली. तिला तीन-चतुर्थांश, म्हणजे ३६ राज्यांची संमति हवी होती. ती तेरा महिन्यांत मिळाली. ता. १६ जानेवारी १९१९ रोजीं नेब्रास्काच्या मतानें ती घटनेचा भाग बनली. पुढें कनेक्टिकट व ऱ्होड आयलंड हीं दोन राज्यें सोडून बाकीच्या सर्व ४६ राज्यांनीं तिला मान्यता दिली. बंदीचा अंमल एक वर्षानंतर सुरू व्हावयाचा होता.

दुरुस्तीचे शब्द मोजके होते. 'मादक पेयें' निषिद्ध ठरलीं. पण मादक कशाला म्हणावें, तें तिनें सांगितलें नव्हतें. पुष्कळ राज्यांत पूर्वींपासूनच स्थानिक बंदी होती. तरी त्यांतील अनेकांत गुत्ता बंद असला तरी बाहेरून स्वतःपुरती दारू मागविण्यास आडकाठी नसे. त्यामुळें अनेकांची कल्पना अशी होती कीं, व्हिस्की व गुत्ते जातील, परंतु सौम्य बियर व जेवणाबरोबरचें द्राक्षासव राहील. १९१९ च्या ऑक्टोबरांत अध्यक्ष विल्सन यांचा नकार डावलून संमत झालेल्या व्होल्स्टेड कायद्यानें ही कल्पना धुळीस मिळविली. या कायद्याच्या घडणींत व्हीलर यांचा मोठा हात होता. ज्या पेयांत मद्यार्काचा अंश शेंकडा अर्धा किंवा त्याहून अधिक, तें तें मादक, अशी व्याख्या त्यानें केली. डॉक्टर रश यांनीं एकशें पस्तीस वर्षांपूर्वीं जो विवेक केला होता तो या अर्ध्या टक्क्यांत बुडाला. गुत्त्याच्या विरुद्ध ज्यांनीं मनापासून कौल दिला होता, त्यांतील लक्षावधि लोकांना आपली फसगत झाल्यासारखें वाटलें. कायद्याला मिळालेली संमति अशा रीतीनें पहिल्याच दिवशीं उणी झाली.

एवढा कठोर कायदा. पण तो राबविणारे हात मात्र तोकडे. आरंभीं साऱ्या देशासाठीं सुमारें दीड हजार अंमलदार नेमण्यांत आले. त्यांचा पगार बेताचा, नेमणुका राजकीय वशिल्याच्या, आणि समोर लांच देणाऱ्यांची रांग. दुरुस्तीनें अंमलबजावणीचा अधिकार मध्यवर्ती सरकार व राज्यें या दोघांनाही दिला होता. फळ असें झालें कीं, प्रत्येकानें खर्चाचा भार दुसऱ्यावर टाकला. मेरीलंडनें अंमलबजावणीचा कायदा कधींच केला नाहीं. न्यूयॉर्कनें केलेला कायदा १९२३ सालीं रद्द केला. ज्या प्रतिनिधींनीं बंदीला उच्च स्वरानें मतें दिलीं त्यांनींच तिच्यासाठीं पैसे मंजूर करतांना हात आंखडला.

कायद्याला वाटाही पुष्कळ होत्या. पिणें हा गुन्हा नव्हता. त्यामुळें श्रीमंतांनीं बंदीपूर्वींच तळघरें भरून ठेवलीं तीं वर्षानुवर्षें निर्वेध चाललीं. डॉक्टरच्या चिठ्ठीवर रोग्याला दहा दिवसांस एक पाइंट मद्य मिळे. तेव्हां चिठ्ठ्या लिहिणें हाच कांहींचा धंदा झाला. धर्मविधीसाठीं द्राक्षासव मुभेंत होतें. तेव्हां विधींची संख्या वाढली. घरीं फळांचा रस करण्यास परवानगी होती. तेव्हां कॅलिफोर्नियांतील द्राक्षमळे बुडण्याऐवजीं पसरले आणि आगगाड्या भरभरून द्राक्षें पूर्वेकडील शहरांत जाऊं लागलीं. समुद्रांतून बहामा बेटांकडील गलबतें हद्दीच्या बाहेर येऊन उभीं राहात व रात्रीं वेगवान होड्या माल उतरवून घेत. उत्तरेस कानडाची हजारों मैलांची सरहद्द मोकळी पडली होती. डेट्रॉइटजवळ नदी गोठली कीं बर्फावरून मोटारींतून पेट्या येत.

चोरट्या व्यापाराचा एक नियम असा कीं, जो माल थोड्या जागेंत मावून अधिक किंमत देतो तोच वाहून नेणें परवडतें. बियर अवजड व स्वस्त. जिन व व्हिस्की आटोपशीर व महाग. म्हणून बंदीच्या काळांत बियरचा खप जितका घटला तितका कडक दारूचा घटला नाहीं. ज्या पेयांपासून समाजाला अधिक अपाय, त्यांकडेच कायद्यानें लोकांना लोटलें. बियरचा चोरटा कारखाना चालवावयाचा तर तो लपवितां येत नाहीं. त्यासाठीं सबंध पोलीसठाणें विकत घ्यावें लागतें. शिकागोंत जॉनी टोरिओ व त्याच्यामागून अल् कपोन यांनीं नेमकें हेंच केलें. धंदा बेकायदा, म्हणून करार मोडल्यास न्यायालयांत जातां येत नाहीं. तंटे बंदुकीनेंच तुटत. ता. १४ फेब्रुवारी १९२९ रोजीं शिकागोंतील एका मोटारखान्यांत सात माणसांना भिंतीशीं उभें करून ठार करण्यांत आलें, तेव्हां सारा देश हादरला. कपोनला अखेर १९३१ सालीं अकरा वर्षांची शिक्षा झाली ती मात्र प्राप्तीवरील कर चुकविल्याबद्दल. दारूबंदीच्या कायद्याला जें जमलें नाहीं, तें ज्या करानें दारूबंदी शक्य केली त्यानें करून दाखविलें.

सर्वांत दुःखद प्रकरण विषारी दारूचें. कारखान्यांना लागणाऱ्या मद्यार्कावर कर नसे. म्हणून तो कोणी पिऊं नये यासाठीं १९०६ पासूनच त्यांत विषारी द्रव्यें मिसळण्याचा दंडक होता. चोरटे व्यापारी रसायनज्ञ नेमून तीं द्रव्यें काढून टाकीत. सरकारनें उत्तरादाखल मिथिल मद्यार्काचें प्रमाण वाढविलें. १९२६ च्या नाताळांत न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत आंधळे झालेले, झटके येणारे लोक एकामागून एक येऊं लागले आणि त्यांतले कित्येक दगावले. शहराचे मुख्य वैद्यकीय परीक्षक चार्ल्स नॉरिस यांनीं उघडपणें म्हटलें कीं, हें विष प्यालें जाणार हें ठाऊक असूनही सरकार तें मिसळीत आहे, तेव्हां या मृत्यूंची नैतिक जबाबदारी त्याला टाळतां येणार नाहीं. आणि मरतात ते गरीब, कारण चांगली दारू घेण्याची ऐपत त्यांना नाहीं. व्हीलर यांचें उत्तर असें कीं, बंदी असतां जो हें पितो तो जाणूनबुजून आत्महत्याच करतो. ज्या चळवळीचा जन्म गरिबाच्या बायकामुलांच्या कळवळ्यांतून झाला होता, तिच्या पुढाऱ्याच्या तोंडीं हे शब्द आले, याहून अधिक मोठें अंतर ती चालून आली नव्हती. पुढें १९३० सालीं 'जमेका जिंजर' या मद्यार्कयुक्त औषधांतील भेसळीनें हजारों गरीब माणसें पायांनीं लुळीं झालीं.

कायदा मोडला जातो असें दिसतांच त्याचे कैवारी तो अधिक कडक करीत गेले. १९२५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें संशयावरून मोटारींची झडती वारंटाशिवाय घेण्यास मान्यता दिली. १९२८ सालीं सिॲटलच्या रॉय ओल्मस्टेड या माजी पोलीस अधिकाऱ्याच्या खटल्यांत टेलिफोनच्या तारांवरून चोरून ऐकलेला पुरावा पांच विरुद्ध चार मतांनीं ग्राह्य ठरला. न्यायमूर्ति ब्रँडाइस यांनीं आपल्या विरुद्ध मतांत या हेरगिरीचा तीव्र निषेध केला. १९२९ सालीं पहिल्याच गुन्ह्याला पांच वर्षें कैद व दहा हजार डॉलर दंडापर्यंत शिक्षा वाढविण्यांत आली. मिशिगनमध्यें दहा मुलांच्या एका आईला थोड्याशा जिनच्या चौथ्या गुन्ह्याबद्दल जन्मठेप झाली, तेव्हां बंदीच्या बाजूच्या लोकांनाही लाज वाटली. मध्यवर्ती न्यायालयांतील निम्म्याहून अधिक फौजदारी खटले दारूबंदीचे झाले. न्यायाधीश ठराविक दिवशीं शेंकडों आरोपींना एकदम उभें करीत, गुन्हा कबूल करवून घेत व लहानसा दंड करून सोडून देत. न्यायदानाला बाजाराचें स्वरूप आलें.

येथें न्यायाच्या दृष्टीनें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दारूबंदीनें कांहींच साधलें नाहीं, हा समज चुकीचा आहे. यकृताच्या ज्या विकाराचें अतिमद्यपान हें मोठें कारण, त्यानें १९११ सालीं लाखामागें २९.५ पुरुष मरत. १९२९ सालीं हें प्रमाण १०.७ वर आलें. आरंभींच्या वर्षांत मद्याचा खप बंदीपूर्वींच्या सुमारें तीस टक्क्यांपर्यंत उतरला, असा अर्थशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. पुढें तो साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत चढला. बंदी उठल्यावरही दरडोई खप जुन्या पातळीस पोंचण्यास १९७० च्या आसपासचा काळ उजाडला. जुना गुत्ता गेला तो पुन्हां त्या रूपांत आलाच नाहीं. कामकऱ्यांच्या कित्येक घरांत आठवड्याचा पगार पहिल्यानेंच सबंध पोंचला. दारूबंदी हरली ती लोक पूर्वींइतकेच पीत राहिले म्हणून नव्हे. जें साधलें त्यापेक्षां त्याचें मोल जड वाटूं लागलें म्हणून ती हरली.

मात्र हा हिशेब शांतपणें मांडून कायदा सौम्य करण्याची संधि कैवाऱ्यांनीं घालविली. १९२० च्या जनगणनेंत शहरी वस्ती प्रथमच निम्म्याहून अधिक भरली. पण शहरांचे प्रतिनिधि वाढूं नयेत म्हणून ग्रामीण गटानें जागांची फेरवांटणी दहा वर्षें होऊं दिली नाहीं. बियरपुरती सवलत द्यावी, ही मागणी पुनःपुन्हां फेंटाळली गेली. अध्यक्ष हूव्हर यांनीं १९२९ सालीं जॉर्ज विकरशॅम यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशीमंडळ नेमलें. १९३१ च्या त्याच्या अहवालांत अंमलबजावणीच्या अपयशाचें सविस्तर वर्णन होतें. तरीही मंडळानें एकत्रितपणें बंदी चालू ठेवण्याची शिफारस केली, आणि बहुतेक सभासदांनीं आपल्या स्वतंत्र टिपणांत बदल हवा असें लिहिलें. वर्तमानपत्रांना थट्टेला विषयच मिळाला. दुरुस्तीचे जनक, टेक्सासचे सीनेटर मॉरिस शेपर्ड तर म्हणाले होते कीं, वॉशिंग्टनचा स्मारकस्तंभ शेपटाला बांधून चिमुकला हमिंगबर्ड पक्षी मंगळावर उडून जाईल तितकाच ही दुरुस्ती रद्द होण्याचा संभव!

पक्षी उडाला तो दोन वाऱ्यांनीं. पहिला वारा स्त्रियांचा. रिपब्लिकन पक्षाच्या एक प्रमुख कार्यकर्त्या पॉलीन सेबिन या आरंभीं दारूबंदीच्या बाजूच्या होत्या. आपल्या मुलांना मद्याचा मोह नसलेलें जग मिळेल, अशी त्यांची आशा होती. प्रत्यक्षांत मुलें कायद्याचा उपहास करीत वाढत आहेत, हें पाहून त्यांचें मत पालटलें. ख्रिस्ती महिला संघ अमेरिकेंतील साऱ्या स्त्रियांच्या वतीनें बोलण्याचा दावा करी. तो खोडण्यासाठीं त्यांनीं १९२९ च्या मे महिन्यांत शिकागो येथें दारूबंदीसुधारणेसाठीं महिलांची संघटना काढली. थोड्याच वर्षांत तिचे सभासद दहा लक्षांवर गेले. घराच्या रक्षणासाठीं ज्या स्त्रियांनीं बंदी आणिली, त्यांच्या मुलीनातींनीं घराच्याच रक्षणासाठीं ती उठविण्याची मागणी केली. आतां त्यांच्या हातीं मतही होतें.

दुसरा वारा मंदीचा. १९२९ च्या अखेरीस शेअरबाजार कोसळला. लाखों लोक बेकार झाले, आणि प्राप्तीच नाहीं तेथें प्राप्तीवरील कर कोठून येणार? १९३३ पर्यंत त्याचें उत्पन्न निम्म्याहूनही खालीं गेलें. मद्य कायदेशीर झाल्यास करही मिळेल व रोजगारही, हा युक्तिवाद आतां कोणालाही पटूं लागला. पिएर द्यु पाँ यांच्यासारखे धनिक तर मद्यावरील करानें आपल्या प्राप्तीवरील कराचें ओझें हलकें होईल, या हिशेबानेंच विरोधकांना पैसा पुरवीत होते. १९३२ च्या जूनमध्यें जॉन रॉकफेलर (धाकटे) यांनीं बंदी उठवावी असें जाहीर केलें. ते जन्माचे निर्व्यसनी, आणि गुत्ताविरोधी संघाचे मोठे आश्रयदाते. मद्यपान वाढलें व कायद्याविषयींचा आदर कमी झाला, ही त्यांची कबुली संघाच्या वर्मीं लागली.

नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकींत बंदी उठविण्याचें वचन देणारा डेमोक्रॅटिक पक्ष व फ्रँक्लिन रूझवेल्ट विजयी झाले. १९३३ च्या फेब्रुवारींतच दोन्ही सभागृहांनीं एकविसावी दुरुस्ती मंजूर केली. राज्यांच्या विधिमंडळांवरील जुना दबाव टाळण्यासाठीं या वेळीं संमति घेण्यांत आली ती लोकांनीं खास निवडलेल्या परिषदांची. घटनेच्या इतिहासांत हा एकच प्रसंग. ता. ७ एप्रिलपासून ३.२ टक्के मद्यार्काच्या बियरला मोकळीक मिळाली. ही सवलत दहा वर्षें आधीं दिली असती तर बंदी कदाचित् तगली असती. ता. ५ डिसेंबर १९३३ रोजीं यूटा राज्याच्या परिषदेनें छत्तिसावें मत दिलें व अठरावी दुरुस्ती संपली. यानंतर मद्याचें नियंत्रण ज्या त्या राज्यावर सोंपविण्यांत आलें. कोठें सरकारी दुकानें, कोठें परवाने, वेळेचीं व वयाचीं बंधनें, असे नाना प्रकार निघाले. मिसिसिपीनें आपली राज्यापुरती बंदी १९६६ पर्यंत चालविली.

या इतिहासावरून मद्यावर कसलाही निर्बंध व्यर्थ आहे असा निष्कर्ष काढणें उतावीळपणाचें होईल. कर, वेळेचीं बंधनें व परवाने यांनीं खप आवरतो, आणि बंदीनेंही तो आवरला होता. निष्कर्ष निघतो तो असा कीं, जो कायदा माणसाच्या रोजच्या वागणुकींत शिरतो, त्याचा पहिला शिपाई म्हणजे शेजाऱ्याची संमति होय. ती संमति कमावण्याचें काम अमेरिकेंतील सुधारकांनीं एकोणिसाव्या शतकांत चिकाटीनें केलें होतें. सत्ता हातीं येतांच त्यांनीं तें काम आटोपलें असें मानलें, मिळालेल्या संमतीहून अधिक वसूल करूं पाहिलें, आणि जी कमी पडली तिच्या जागीं शिक्षा वाढवीत नेली.

तीस-चाळीस मैलांच्या अंतरावरील क्लीव्हलंड, ओबर्लिन व ॲक्रन हीं ओहायोंतील तीन शहरें. पहिल्यांत महिला संघ निघाला, दुसऱ्यांत गुत्ताविरोधी संघ. तिसऱ्यांत, बंदी उठून दोन वर्षें झालीं नाहींत तोंच १९३५ सालीं, मद्याच्या व्यसनानें गांजलेले दोन गृहस्थ भेटले. एक शेअरबाजारांतला, दुसरा शस्त्रवैद्य. एकमेकांना आधार देऊन दारू सोडण्याची त्यांनीं काढलेली वाट पुढें 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या नांवानें जगभर पसरली. तिच्यामागें ना कायदा होता, ना शिपाई. शंभर वर्षांपूर्वीं बाल्टिमोरच्या पिणाऱ्यांनीं हाच उपक्रम आरंभिला होता. मधल्या काळांत तो अर्धवट राहिला होता इतकेंच.